तिसऱ्या कडव्याची जागा

बोलणं हे माझं काम नव्हे. माझं काम ठेवून घेण्याचं. कुणी दिलं की घ्यायचं, मागितलं की होतं तसं परत द्यायचं, मधे आपलं काही घालायचं नाही. आठ वर्षं मी हे इमानाने केलं. पण आता माझ्या पोटात एक जागा अशी झाली आहे, की तिथलं मागायला कुणी आलं तर माझ्याकडे द्यायला काही नाही. आणि जिच्याकडे ते अजून असेल, तिला कुणी मागत नाही. म्हणून मी, जालन्याच्या नागसेनच्या टेबलावरची काळी हार्ड डिस्क, आज तोंड उघडतेय.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं. ती चिठ्ठी नागसेनच्या बोटांनी घासून कधीच गेली. मला आठवतं ते खोक्यातून बाहेर निघाले तेव्हापासूनचं. मार्च महिना होता, पत्र्याच्या शेडसारखी खोली तापली होती आणि एक चष्म्याचा माणूस मला दोन्ही हातांनी धरून म्हणत होता, "हिला पंख्याखाली ठेवू." मला एवढ्या मायेने कुणी धरलं नव्हतं. तेव्हाच मी त्याची झाले.

कान मला नाहीत. पण खाली टेबलाची फळी आहे, त्यातून घरातलं सगळं बोलणं माझ्यापर्यंत पोचतं. वस्तूंसमोर माणसं फार मोकळं बोलतात.

नागसेन एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. जालन्यात अशा कंपन्या बऱ्याच. त्याचं काम शुद्धता बघण्याचं. पोत्यातून काढलेला नमुना काचेच्या टेबलावर पसरायचा आणि चिमट्याने एकेक दाणा वेगळा करायचा. खरं बी एकीकडे, दुसऱ्या पिकाचं बी दुसरीकडे, काडीकचरा तिसरीकडे. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्याची नजरच तशी झालेली. घरी पोहे खाताना सुद्धा करपलेला शेंगदाणा बाजूला काढून ठेवतो आणि बायको भावना त्याला चिडवते, "याचा बी रिपोर्ट द्यायचा का?"

त्याला गाण्यांचा नाद कॉलेजच्या होस्टेलात लागला. गाणीही कुठली, तर इंग्लिश पॉप. पण त्या नादाला खरं वळण मिळालं ते एका पाहुण्यामुळे. कंपनीत जपानहून भाजीच्या बियाण्यांचे एक वयस्कर तज्ज्ञ आले होते. चार दिवस नागसेन त्यांच्यासोबत शेतं फिरला. बोलता बोलता दोघांची आवडती गायिका एकच निघाली. जाताना त्यांनी बॅगेतून एक सीडी काढून त्याच्या हातात ठेवली. त्याच गायिकेचा अल्बम, पण जपानात निघालेला. खोक्याला उभी कागदी पट्टी गुंडाळलेली, तिच्यावर जपानी अक्षरं. संग्राहक तिला ओबी म्हणतात. आणि शेवटी एक गाणं जास्तीचं. ते गाणं जगात दुसऱ्या कुठल्याही आवृत्तीत नव्हतं.

झालं. जपानच्या सीड्या महाग असतात, म्हणून गिऱ्हाईक धरून ठेवायला तिथले लोक एखादं गाणं वाढवून देतात, छापील गाणी देतात, कधी पोस्टर देतात, हे त्याला कळलं आणि तो त्याच्या मागेच लागला. ओसाकातल्या एका जुन्या सीड्यांच्या दुकानातून तो नेटवरून मागवायचा. पाकीट यायला दीड महिना. पोस्टमन हाक मारायचा तेव्हा नागसेन आधी हात धुवायचा, पुसायचा आणि मगच पाकीट घ्यायचा. पट्टीला घामाचा डाग पडला की तिची किंमत गेली म्हणे. त्याची आई सत्यशीला हे सगळं पायरीवर बसून बघायची आणि म्हणायची, "कुणाचं लेकरू घ्यायला बी एवढे हात धुतले न्हाईत यानं."

त्या सीड्या आल्या की खरं काम माझं. तो सीडी वाचणाऱ्या यंत्रात घालायचा. यंत्र ती एकदा नाही, दोनदा वाचायचं, दोन्ही वेळचं जुळवून बघायचं आणि एक कण इकडे तिकडे नसेल तरच ते माझ्याकडे यायचं. याला लॉसलेस म्हणतात. म्हणजे सीडीवर जे होतं ते सगळंच्या सगळं, काही न गाळता. बाकी जग ऐकतं ते एमपी थ्री. त्यात गाणं चाळणीतून काढलेलं असतं. कानाला फारसं कळणार नाही असं जे जे असेल ते फेकून फाइल लहान केलेली. नागसेनला त्याची चीड होती. "ही भेसळ हाये," तो म्हणायचा.

मला विचाराल तर माझ्या लेखी दोन्ही सारखंच. माझ्याकडे फक्त आकडे येतात. ते राजाचे की रंकाचे, मला कळत नाही.

एका रविवारी त्याने वडिलांना शेजारी बसवलं. त्याचे वडील राजानंद, घनसावंगीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घरात सगळे, त्यांची बायकोसुद्धा, त्यांना गुरुजीच म्हणायचे. नागसेन तेवढा बाबा म्हणायचा. दम्याने बेजार झालेले, पण जीभ शाबूत. नागसेनने आपला भारी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि ते जास्तीचं गाणं लावलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत राहिले.

"आरं, ही बाई गायच्या आधी श्वास घेऊन राह्यली," ते म्हणाले. "त्यो बी ऐकू येतो की."

"तेच तर तुमाला दावायचं होतं बाबा. एमपी थ्रीत हा श्वास बराबर येत न्हाई."

"असं का? मंग माझं बी गाणं भर एकदा तुझ्या मशीनमधी. श्वासाला माझ्याकडं काहीच कमी न्हाई." आणि ते हसता हसता खोकत राहिले, खोकता खोकता हसत राहिले. नागसेनने पाणी आणून दिलं. भरू भरू म्हणाला. पण त्याला चांगला मायक्रोफोन घ्यायचा होता. साध्या फोनवर कशाला भरायचं, असं त्याचं म्हणणं. तो मायक्रोफोन काही आला नाही.

भावनाने मात्र वाट बघितली नाही. ती राजूरच्या शाळेत शिकवते, सकाळच्या बसने जाते, दुपारी परत येते. त्या वर्षीच्या डिसेंबरात एका दुपारी गुरुजी अंगणात शेंगा फोडत बसले होते आणि स्वतःशीच काही गुणगुणत होते. तिने विचारलं हे काय. ते म्हणाले, माझ्या आईचा पाळणा. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी मी झालो तेव्हा तिने आपल्या मनाने रचला. पाच कडव्यांचा. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून कुठं लिहिलेला नाही. तिने मला म्हटला, मी नागसेनला आणि लेकीला, रूपालीला म्हटला. पुढं कोण म्हणतंय माहीत नाही.

भावनाने तिथंच फोन शेंगांच्या टोपल्याला टेकवला आणि म्हणाली, "म्हणा गुरुजी." चार मिनिटं. मधे शेंगा फुटल्याचा आवाज, कुकरची शिट्टी, सत्यशीलाबाईंचं "फोलपटं खाली पाडू नका" आणि प्रत्येक कडव्यानंतर गुरुजींचा लांब श्वास.

फेब्रुवारीत गुरुजी गेले.

काही दिवसांनी भावनाचा फोन पडून फुटला. दुकानदाराने जुना घेऊन नवा द्यायचं कबूल केलं. फोन द्यायच्या आधी तिने नागसेनला सांगितलं, "यातलं सगळं तुमच्या मोठ्या डिस्कमधी टाका. तिथं शाबूत राहील." त्याने टाकलं. मी तेव्हा गळ्यापर्यंत भरले होते. पाळण्याची ती फाइल मला एका जागी ठेवता आली नाही. जागा सापडेल तशी तीन तुकड्यांत ठेवली. तिचं नावही काही खास नव्हतं. फोनने आपलंआपण दिलेलं, 'आवाज ०१७'. त्याने ती ऐकली नाही. वडिलांचा आवाज ऐकायची अजून त्याची हिंमत नव्हती. भावनाला वाटलं, आहे सुरक्षित. तो म्हणायचा, एक दुसरी डिस्क घेऊ, सगळ्याची जोडप्रत ठेवू. हे तो दोन वर्षं म्हणत होता. दर वेळी ओसाकाला एखादी सीडी दिसायची आणि डिस्क मागे पडायची.

आता भेसळीची गोष्ट. जगभरच्या अशा नादिष्ट लोकांचा नेटवर एक गट होता. कुणाकडे काय आहे ते एकमेकांना दाखवायचं, तपासायचं, प्रती द्यायच्या घ्यायच्या. शिस्त फार कडक. नागसेनने अदलाबदलीत मिळालेला एक दुर्मिळ जपानी अल्बम गटात पुढे दिला. कुणीतरी तपासला आणि तो मुळात एमपी थ्रीवरून फुगवलेला निघाला. नागसेनला माहीत नव्हतं, पण विचारतो कोण. सगळ्यांसमोर लिहिलं गेलं, की या गृहस्थांच्या संग्रहात भेसळ आहे, यांनी आपली डिस्क साफ केल्याशिवाय यांच्याकडून कुणी काही घेऊ नये.

ज्याने वीस वर्षं दुसऱ्यांच्या बियाण्यातली भेसळ शोधली त्याला हे किती झोंबलं असेल ते मी बघितलं. तो दोन दिवस जेवणावर बसायचा आणि अर्ध्यातून उठायचा. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्याने माझ्या पोटातल्या एकूण एक गाळलेल्या फाइली शोधायला लावल्या. एमपी थ्री, फोनवरची रेकॉर्डिंग, सगळे हलके प्रकार. चौदाशे बारा नावांची यादी पडद्यावर आली. जुन्या मित्रांनी दिलेली गाणी, कंपनीच्या मीटिंगा, मोबाइलच्या रिंगा. त्यातच 'आवाज ०१७'.

"शेंगोळे गार होऊन राह्यले," आतून भावनाची हाक आली.

"आलो."

त्याने यादी एकदा खाली ओढली, एकदा वर ओढली. कॉलेजातल्या मुलाने परीक्षेच्या आधी पुस्तकाची पानं चाळावीत तशी. मग सगळी नावं एकदम निवडली आणि पुसून टाकली. कचऱ्याच्या डब्यात सुद्धा ठेवली नाहीत. गटाला लिहिलं, आता माझ्याकडे शंभर टक्के शुद्ध. आणि हात धुवून जेवायला गेला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

इथं मला एक सांगायला हवं. पुसलं म्हणजे मी लगेच रिकामी होत नाही. फक्त नावाची चिठ्ठी फाडली जाते. सामान जागेवरच असतं. मला हुकूम एवढाच मिळतो, की ही जागा मोकळी समज, पुढचं काही आलं तर इथं ठेव. म्हणजे गुरुजी माझ्यात होते. तिन्ही तुकडे जसेच्या तसे. पण नाव नसलेले. त्यांना आता कुणी बोलावू शकत नव्हतं आणि त्यांच्या अंगावर कुणीही येऊन बसू शकत होतं.

पहिलं पाकीट जूनमध्ये आलं. बारा गाणी माझ्याकडे आली. मी ती जिथं ठेवली तिथं कंपनीच्या मीटिंगा होत्या. त्याचं मला काही वाटलं नाही. गुरुजी वाचले.

दुसरं पाकीट ऑगस्टमध्ये आलं. तो फार खुशीत होता. चार वर्षं शोधलेली आवृत्ती, पट्टीसकट, जास्तीची दोन गाणी. गटाने त्याला परत घेतलं होतं. एकेक गाणं येत गेलं, मी ठेवत गेले. शेवटचं जास्तीचं गाणं आलं आणि मला कळलं, की मोकळी समजलेली पुढची जागा कुठली आहे. मी थांबले. दोनदा टकटक केलं. माझ्यात नाही म्हणायची सोय एवढीच.

नागसेनने माझ्यावर तळवा ठेवला. "डिस्क जुनी झाली वाटतं," तो म्हणाला आणि पुन्हा सुरू केलं.

मग मी लिहिलं. गुरुजींच्या मधल्या तुकड्यावर मीच लिहिलं. कुणी माझा हात धरून लिहवलं असं म्हणायची माझी इच्छा नाही. तिथं आधी काय होतं ते मला आता सांगता येत नाही. माझी आठवण म्हणजे माझ्यावर जे लिहिलंय तेवढीच. त्या जागी आता एक परकी बाई गाते आहे, तिचा श्वासही अगदी स्वच्छ ऐकू येतो.

त्यानंतर नऊ दिवसांनी रूपालीला मुलगी झाली. रूपाली ही नागसेनची धाकटी बहीण, घनसावंगीला दिलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. फोन आला तेव्हा सत्यशीलाबाई रडल्या आणि लगेच कामाला लागल्या. नामकरण इथंच, आपल्या घरी करायचं. भन्तेजींना सांगायचं. पाहुणे किती, खीर किती. आणि मग त्या सहज म्हणाल्या, "आन् पाळणा गुरुजींच्याच आवाजात लावायचा बरं का. भावनानं भरून ठेवलाय ना. रूपालीला म्हणलं होतं मी, तुझा बाप म्हणंल तुझ्या लेकराला."

"हाये ना आई," भावना म्हणाली. "यांच्या डिस्कमधी हाये."

नागसेनने मला जोडलं. 'भावना मोबाइल' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात फोटो होते. आवाजाचं काही नव्हतं. त्याने नाव शोधलं, तारीख शोधली, पुन्हा नाव शोधलं. दर वेळी तो बटणं आणखी जोरात दाबत होता, ते मला फळीतून कळत होतं. मग त्याला ती चौदाशे बारा नावांची यादी आठवली असणार. तो उठला, दार लावलं आणि भावनाला आत बोलावून सांगितलं.

तिने ते फोल्डर स्वतः एकदा उघडून बघितलं.

"नावं वाचली बी न्हाईत तुमी?"

"चौदाशे होती भावना."

"तुमी रोज एकेक दाणा चिमट्यानं उचलता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आपल्या बाबाला उचलून टाकलं, आन् बगितलं बी न्हाई."

तो खुर्चीवर बसला आणि रडला. मी त्याला आठ वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. मला त्याचा राग आला होता, तो तेवढ्यापुरता गेला.

जालन्यातच मस्तगडला राधेश्याम नावाच्या माणसाचं दुकान आहे. पूर्वी कॅसेटी भरून द्यायचा, आता बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देतो. नागसेनने मला टॉवेलात गुंडाळून तिथं नेलं. राधेश्यामने पहिली गोष्ट विचारली, "पुसल्यावर हिच्यावर काही लिव्हलं का?"

"दोन अल्बम."

राधेश्यामने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "आता बिलकुल काही लिहू नका. एक अक्षर बी न्हाई. ठेवून जा, बगतो."

मी तिथं पाच दिवस होते. राधेश्यामने माझा कोपरान्‌कोपरा चाळला. चांगला माणूस, घाई करत नाही. सहाव्या दिवशी नागसेन आला तेव्हा त्याने एक फाइल त्याच्या फोनवर दिली.

"तीन तुकडे होते. दोन भेटले. मधला गेला. त्याच्या जागी नुसती खरखर येत होती, ती मी काढून जागा शांत ठेवली. पण वेळ तोडला न्हाई. गाण्याचा वेळ तोडायचा न्हाई असं माझे वडील म्हणायचे. चाळीस सेकंद मोकळे हाईत."

नागसेनने दुकानातच फोन कानाला लावला. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा तो त्यांना ऐकत होता. पहिलं कडवं पाळण्याच्या दोरीचं. दुसरं पाटीचं. मग काहीच नाही. मग चौथं, सगळ्यांनी मिळून पाणी भरायच्या विहिरीचं. पाचवं लेकराच्या नावाचं. शेंगा फुटत होत्या, कुकर वाजत होता, आवाज डब्यातून आल्यासारखा होता. त्याने हेडफोन मागितला नाही.

घरी येताना त्याने भावनाला फोनवर सांगितलं, आईला यातलं काही बोलू नको. ती म्हणाली सांगून टाका, आई समजून घेतील. तो म्हणाला सांगतो, नामकरण तर होऊ दे. खरं तर आईला एक साधं विचारायचं होतं, की तिसरं कडवं तुला येतं का. पण विचारलं तर का विचारतोस हे सांगावं लागलं असतं. घरातल्या हिशोबी माणसाची लाज मोठी विचित्र असते. तिच्यापुढे त्याला दुसरं काही दिसत नाही.

नामकरणाला घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं. मुलीचं नाव तृप्ती ठेवलं. रूपालीने तिला पाळण्यात घातलं आणि भावनाने फोन स्पीकरला जोडला. मी आतल्या टेबलावर होते. गुरुजींचा आवाज आला तशी बायकांची कुजबुज थांबली. रूपालीने पदर तोंडाला लावला.

पहिलं कडवं झालं, श्वास. दुसरं झालं, श्वास.

मग शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद. शेंगांचाही आवाज नाही. कुणीतरी म्हणालं, "बंद पडलं का?" एक पाहुणा फोनकडे हात न्यायला लागला.

"हात लावू नका," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "कुणी बोलू बी नका. गुरुजी दम घेऊन राह्यले."

कुणी बोललं नाही. सगळे त्या दमाची वाट बघत उभे राहिले. चाळीस सेकंद फार असतात. लहान पोरंसुद्धा गप्प होती. नागसेन दाराच्या चौकटीला धरून खाली बघत होता. मग चौथं कडवं सुरू झालं आणि म्हातारी समाधानाने म्हणाली, "म्हणलं न्हाई मी? लई दम लागायचा त्यांना." नागसेन बाहेर निघून गेला. खीर वाढायला सुद्धा तो आला नाही.

त्याला आता तीन महिने झाले. मला कपाटात ठेवलंय, पट्ट्या लावलेल्या सीड्यांच्या शेजारी. तो मला जोडत नाही. ओसाकाहून आलेलं एक पाकीट न फोडता माझ्या डोक्यावर ठेवलंय. गटातून विचारणा आली असेल, त्याने उत्तर दिलं की नाही माहीत नाही. त्याला वाटतं, मला हात न लावणं ही शिक्षा आहे. माझ्याने त्याचं काय भलं होणार आणि त्याच्या या उपासाने माझं काय भलं होणार, मला समजत नाही.

पण कपाट सत्यशीलाबाईंच्या खोलीत आहे. आणि त्यांना भावनाने जुन्या फोनवर पाळणा भरून दिलाय. दुपारी तांदूळ निवडत त्या तो लावतात. एकदा, दोनदा, कधी चारदा. गुरुजींबरोबर गुणगुणतात.

पहिल्या आठवड्यात, मी शपथेवर सांगते, दुसरं कडवं संपलं आणि ती शांतता आली तरी म्हातारी थांबली नव्हती. गुरुजी गप्प झाले आणि ती पुढे म्हणत राहिली. हळू, ओठातल्या ओठात, मला दोनच शब्द कळले. माय आणि सावली. बाकीचे कपाटाच्या दारापर्यंत पोचले नाहीत. पण चाल होती, शब्द होते, सगळं होतं. तिसरं कडवं शाबूत होतं. जिथं ते कुणी कधी पुसलं नव्हतं तिथं.

घरात तेव्हा कुणी नव्हतं. नागसेन कंपनीत, भावना राजूरला. ऐकणारी मी एकटी, आणि माझ्यावर तर काही लिहायचंच नाही असं ठरलेलं.

पुढच्या महिन्यात तिचा आवाज त्या जागी अडखळायला लागला. दोन शब्द म्हणायची, मग ऐकत बसायची. तिला वाटायचं आपणच चुकतोय, गुरुजी तर दम घेताहेत. गुरुजींचं चुकेल असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नागसेन, तू माझ्यावर तळवा ठेवायचास तेव्हा मी गरम आहे की गार हे तुला लगेच कळायचं. आज जरा आईच्या खोलीत येऊन बस. चांगला मायक्रोफोन लागत नाही. तिला खरं काय ते सांग आणि तिसरं कडवं माग. ती तुला रागावेल, रागावू दे. नाही सांगितलंस तर मी जे एका गाण्याने केलं तेच तुझी ती फाइल रोज दुपारी तिच्यावर करते आहे.

काल तिने दुसरं कडवं म्हटलं. मग तांदळातला खडा बाजूला काढून ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि गुरुजींसारखीच गप्प बसली. चाळीस सेकंद. मग श्वास घेऊन तिने चौथं सुरू केलं.